पाटीवरचं नाव खोडलं तर दुकानात काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही दोघी पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, एक फॅशन कम्युनिकेशनची, दुसरी इंटिरियरची. दोघींचा मिळून एक प्रोजेक्ट आहे. हातमागाच्या सुती कुर्त्यांचा सस्टेनेबल ब्रँड आणि त्याचं कोरेगाव पार्कातलं ४०० चौरस फुटांचं दुकान. नाव, लोगो, मूडबोर्ड, थ्रीडी रेंडर (दुकानाचं संगणकावर काढलेलं चित्र) सगळं झालंय. मधल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, शेरा मिळाला, "हे कुठल्याही ब्रँडचं दुकान असू शकतं." आता काय बदलायचं? आणि जागा कोरेगाव पार्कातच ठेवावी का?

उत्तर:

ज्युरीनं नेमकी नस पकडली आहे. ही परीक्षा तुम्ही घरबसल्याही घेऊ शकता. रेंडरमधल्या पाटीवरचं नाव खोडा आणि तिथे एखाद्या साबणाच्या किंवा कॉफीच्या ब्रँडचं नाव टाका. दुकानात एक तरी खिळा हलवावा लागतो का? तुम्ही वर्णन केलंय त्यावरून (मातकट भिंती, सुतळी गुंडाळलेले दिवे, माल ठेवायच्या पॅलेटच्या लाकडाचे रॅक, कोपऱ्यात एक झाड) बहुधा नाही. दरवर्षी ज्युरीला बसलं की असली दुकानं दिसतात आणि ती दिसायला चांगलीच असतात. पण 'सस्टेनेबल' हा रंग झाला की ब्रँडला बोलायला काही उरत नाही.

मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगतो. ब्रँडनं एक छोटा दावा करावा. तो पाळताना ब्रँडला काहीतरी सोडावं लागलं पाहिजे, आणि दुकानाच्या रोजच्या कामकाजात तो गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. "आम्ही पृथ्वीची काळजी घेतो" हा दावा नव्हे. "आमचा कुर्ता उसवला तर पाच वर्षं इथेच, तुमच्यासमोर शिवून देऊ" हा दावा आहे. त्यासाठी शिलाई मशीन, माणूस, जागा आणि पगार लागतो, शिवाय जुन्या थानांतले तुकडे जपून ठेवावे लागतात. म्हणजे दुकानाचा नकाशा तिथूनच सुरू झाला.

पुण्याला हे नवीन नाही. १८७७ च्या दिल्ली दरबाराला गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातानं कातलेल्या सुताच्या खादीचा पोशाख घालून गेले होते. विचार काय आहे हे सांगायला त्यांना वेगळं पत्रक वाटावं लागलं नाही. तुमच्या सादरीकरणात मात्र पहिली आठ पानं पत्रकाचीच असणार, म्हणून आधी त्या पानांबद्दल बोलू.

"फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग" हे वाक्य आधी काढून टाका. ते सगळीकडे फिरतं, पण त्यामागे धड आधार नाही आणि जाणकार परीक्षक तिथेच तुम्हाला अडवतो. "एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी" हा आकडा बऱ्यापैकी प्रतिष्ठित आहे, पण ती सरासरी आहे. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर येतो. धरणाचं पाणी पिणारा कापूस आणि आभाळाकडे बघणारा कापूस यांना एकच आकडा लावून तुमच्या कुर्त्याबद्दल काहीच कळत नाही. तुमचं सूत कुठलं ते आधी शोधा, मग पाण्याचं बोला. ते शोधता आलं नाही तर पाण्याचं पान गाळा, कुणी मार्क कापणार नाही.

कायद्याचं एक पान मात्र घाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंग आणि पर्यावरणाच्या नावाखाली होणारे दिशाभूल करणारे दावे यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. मथितार्थ असा की 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द वापरायचे तर ते नेमके कशाबद्दल आहेत ते सांगा, पुरावा ठेवा आणि तो गिऱ्हाइकाला सहज बघता येईल असा द्या. कम्युनिकेशनवालीनं हे नियम कामाची चौकट म्हणून घ्यावेत. हँगटॅगवरचं, म्हणजे कपड्याला लटकवलेल्या लेबलवरचं, प्रत्येक विशेषण या चाळणीतून घाला. अर्धी विशेषणं गळतात आणि टॅग वाचण्यासारखा होतो.

शब्दांचे आणखी काही सापळे आहेत. हातमागाचं कापड म्हणजे खादी नव्हे. खादीत सूतही हातानं कातलेलं लागतं आणि 'खादी' हे नाव विक्रीसाठी वापरायला २०१३ च्या खादी मार्कच्या नियमांप्रमाणे मान्यता लागते. बाजारातल्या बहुतेक हातमाग कापडाचं सूत गिरणीचं असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ते तसं लिहा. 'बांबूचं कापड' हे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी केलेलं व्हिस्कोस असतं. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे चिन्ह कापडात घातक रसायनं मर्यादेच्या आत आहेत एवढंच सांगतं, कापूस सेंद्रिय आहे असं सांगत नाही. गॉट्सचं (सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) चिन्ह कपड्यावर लावायचं तर सुतापासून शिलाईपर्यंतची सगळी साखळी प्रमाणित असावी लागते. तुमचा शिंपी हडपसरच्या गल्लीत दोन मशिनींवर, प्रमाणपत्राशिवाय काम करत असेल, तर कापड कितीही सेंद्रिय असो, ते चिन्ह तुमच्या कॉलरवर येणार नाही.

आता एकच कुर्ता घ्या आणि तो टेबलावर उलटा करून ठेवा. तुम्ही '१०० टक्के कॉटन' लिहिलंय. दोरा कशाचा आहे? बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा मशीनवर तुटतो आणि शिंपी वैतागतो. कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम चिकटवायचं असतं, त्यातही प्लास्टिकचा अंश आला. बटणं प्लास्टिकची की नारळाच्या करवंटीची? मानेचं विणलेलं लेबल पॉलिएस्टरचं, किमतीचं लेबल अडकवायची ती छोटी काडीही प्लास्टिकची. यातलं सगळंच बदला असं मी म्हणत नाही. पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवण जास्त टिकते, हा त्याचा मोठा गुण आहे आणि पाच वर्षं दुरुस्तीचं वचन देणाऱ्या ब्रँडला तो हवाच. पण लेबलवर "कापड सुती, हातमागाचं, सूत गिरणीचं, दोरा पॉलिएस्टर, शिवण टिकावी म्हणून" असं छापलेलं मी वाचलं, तर त्या ब्रँडच्या बाकी सगळ्या बोलण्यावर माझा विश्वास बसेल. लक्ष्मी रोडवर एक दुपार नुसती उभी राहून ऐका, बायका काय विचारतात? "रंग जाईल का?" "धुतल्यावर आटेल का?" कार्बन कुणी विचारत नाही. टॅगवर पहिलं उत्तर याच दोन प्रश्नांचं द्या: किती टक्के आटतो, पहिली धुलाई कशी करायची, कुठला रंग किती उतरतो. हे तुम्हाला स्वतः कापड धुऊन मोजावं लागेल. अर्धा मीटर कापड, बादली आणि टेप एवढंच लागतं. मैत्रिणींना गूगल फॉर्म पाठवून "सस्टेनेबल कपड्यांसाठी जास्त पैसे द्याल का?" विचारण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं. त्या फॉर्मला सगळे 'हो' म्हणतात आणि शनिवारी फॅशन स्ट्रीटला जातात.

कुर्ता बेतण्याबद्दलही दोन शब्द. शिलाईत साधारण १० ते १५ टक्के कापड कतरणीत जातं असं धरतात. तुमच्या कापडाचा पन्हा (रुंदी) किती आहे हे कटिंगच्या आधी बघा, कारण ४४ इंची पन्ह्यावर बेतलेला कुर्ता ४८ इंचीवर वेगळीच कतरण काढतो. आपल्याकडचे जुने कपडे सरळ पट्ट्यांचे आणि कळ्यांचे असायचे, काखेत चौकोनी तुकडा घालायचा, त्यात वाया जायला फारसं काही नसायचंच. झिरो-वेस्टचे परदेशी नमुने उतरवून काढण्याआधी आजोबांची बंडी उसवून बघा.

यापुढचा भाग विद्यार्थी हमखास टाळतात तो, म्हणजे हिशेब. आणि प्रोजेक्टचा खरा आकार इथेच ठरतो.

४०० चौरस फुटांना महिन्याला १५० रुपये फूट भाडं धरू. हा दर हिशेबापुरता आहे, तुम्ही दोन दलालांना फोन करून खरा टाका. भाडं झालं ६०,००० रुपये. कपड्याच्या छोट्या दुकानात भाडं विक्रीच्या १५ टक्क्यांवर गेलं की दम लागतो, म्हणजे महिन्याला ४ लाखांची विक्री हवी. कुर्ता कर सोडून २००० रुपयांना असेल तर महिन्याला २०० कुर्ते, २६ दिवसांत रोज सात-आठ. पाच माणसं आत आली की एक घेतो असं धरलं तर रोज चाळीसेक माणसं दारातून आत यायला हवीत.

आता हाच आकडा उलटा मागाकडे न्या. एका कुर्त्याला अडीच मीटर, म्हणजे २०० कुर्त्यांना ५०० मीटर कापड. साधं सुती कापड एका हातमागावर दिवसाला पाच मीटर निघतं असं धरा, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५ मीटर. तुमच्या दुकानाला चार माग वर्षभर लागतील. तुमच्या ब्रँडच्या गोष्टीत एकच विणकर आहे, त्याचा सुंदर फोटो आहे आणि 'लिमिटेड एडिशन' असे शब्द आहेत. एक माग महिन्याला ५० कुर्त्यांचं कापड देतो आणि दुकान २०० मागतंय. उरलेले १५० कुर्ते कुठून येणार? इथेच चांगले चांगले ब्रँड गुपचूप यंत्रमागाचं कापड मिसळतात. हा ताण तुम्ही ज्युरीसमोर स्वतःहून मांडलात आणि सोडवून दाखवलात तर "कुठल्याही ब्रँडचं दुकान" हा शेरा परत ऐकावा लागणार नाही.

किंमतही अशीच फोडून ठेवा. मी हिशेबापुरते आकडे टाकतो. कापड २८० रुपये मीटरनं ७०० रुपये, शिलाई ३००, बटण-दोरा-लेबल-पिशवी ६०. झाले १०६०. उरलेल्या ९४० मधून भाडं ३००, दोन माणसांचे पगार मिळून कुर्त्यामागे १८०, वीज आणि किरकोळ ८०, न खपलेल्या मालासाठी २००. हातात राहिले १८०. आता दिवाळीनंतर '२० टक्के सूट' लावा. ४०० रुपये गेले, म्हणजे प्रत्येक कुर्त्यामागे २२० चा खड्डा. तो खड्डा शेवटी विणकराच्या मीटरच्या दरातून किंवा शिंप्याच्या शिलाईतून भरला जातो. म्हणून "आमच्याकडे सेल नसतो, वर्षभर एकच किंमत" ही घोषणा तुमच्या ब्रँडसाठी गरजेची आहे, आणि ती ब्रँडिंगची सगळ्यात अवघड घोषणा आहे, कारण समोरचं दुकान 'फ्लॅट ५०' लावून बसलेलं असतं. ती पेलायची तर हा फोडलेला हिशेब बिलिंग काउंटरमागच्या भिंतीवरच रंगवा. मला विचाराल तर असली एक भिंत तुमच्या दहा पोस्टरांना भारी आहे.

करांचं एक टोक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर १८ टक्के. २५०० चा कुर्ता गिऱ्हाइकाला २६२५ ला पडतो आणि २६०० चा ३०६८ ला. शंभर रुपयांच्या किनारीसाठी गिऱ्हाइकाला चारशेच्या वर मोजायला लावू नका.

आता इंटिरियरवालीकडे वळतो.

४०० चौरस फूट म्हणजे समजा १६ बाय २५. तुमच्या नकाशात कोठीची खोली नसणार, कारण कुणाच्याच नसते. माल, इस्त्री, पॅकिंग, झाडू, मीटर-बोर्ड, काम करणाऱ्या मुलीचा डबा आणि तिची पर्स, सगळ्याला जागा लागते. ६० चौरस फूट तिथे द्या. ट्रायल रूम चार बाय चारच्या दोन, एकीचं दार ९० सेंटीमीटरचं आणि व्हीलचेअर वळेल एवढी मोकळी जागा बाहेर. दुरुस्तीचं टेबल चार बाय दोन, मशीनवर बसणाऱ्याला मागे तीन फूट. काउंटर. उरतं ते मांडणीसाठी. पाय मोकळे ठेवून टांगायचं तर फूटभर दांडीवर सहा कुर्ते बसतात. दीडशे कुर्ते बाहेर मांडायचे तर पंचवीस फूट दांडी, आणि लांब कुर्त्याला दांडीखाली किमान चार फूट मोकळे. हे आकडे लिहिले की रेंडरमधला तो मधोमध ठेवलेला भलामोठा बाकडा आपोआप जातो.

दुरुस्तीचं टेबल कोठीत लपवू नका. ते रस्त्याच्या बाजूला, काचेजवळ येऊ दे. आत काज करणारा, उसवलेली बगल शिवणारा माणूस रस्त्यावरून दिसला की पाटी न वाचताही कळतं हे दुकान कशाचं आहे. त्याच्या बाजूला थानांतल्या तुकड्यांचे खण, प्रत्येक खणावर वर्ष आणि लॉट. २०२५ च्या लॉटमधला कुर्ता फाटला तर त्याच लॉटचं ठिगळ. साबणाच्या ब्रँडला हा कोपरा विकून बघा, जमणार नाही.

उजेडाचं बघू. आपल्याकडे बाई साडी आवडली की ती घेऊन दुकानाच्या दारात जाते, उन्हात धरते आणि मग ठरवते. ट्यूबखाली दिसलेल्या रंगावर तिचा विश्वास नसतो आणि तो नसतो हे बरोबरच आहे. तुमच्या रेंडरमध्ये दारापाशी रोपांची कुंडी आहे. ती काढा आणि तिथे आरसा आणि दिवसाचा उजेड मिळेल अशी तीन फुटांची जागा ठेवा. आतले दिवे सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे घ्या, पिवळट मूड लाइटमध्ये नीळ काळी दिसते आणि मंजिष्ठा तपकिरी.

आणि इथे तुम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत हे उघड होतं. ब्रँड म्हणतो नैसर्गिक रंग. दुकानाला पूर्ण उंचीची काच. ती पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन थेट पुतळ्यावर. हळदीचा किंवा फुलांचा रंग असल्या उन्हात काही दिवसांत उडतो, घडीच्या आतली बाजू आणि बाहेरची बाजू दोन वेगळे कपडे वाटतात. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, दुकानात त्याच्या दहापट असतो. म्हणून काचेला खोल छज्जा किंवा पडदी द्या, खिडकीतला कपडा आठवड्याला बदला आणि उडालेले नग 'खिडकीतले' म्हणून कमी किमतीत वेगळे विका. सेल नसलेल्या दुकानात स्वस्त कपडा मिळायची ती एक प्रामाणिक जागा होईल. रंगांचं म्हणाल तर नैसर्गिक म्हणजे बिनपाण्याचा असं नाही. हिरडा, तुरटी, मग रंग, मग धुलाई, प्रत्येक पायरीला पाणी लागतं. हिरडा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला मिळतो ही चांगली गोष्ट आहे. ती सांगा, पण पाण्याचंही सांगा.

साहित्याबद्दल मी थोडा कडक आहे. पॅलेटचं लाकूड चाकण-भोसरीकडच्या भंगारवाल्यांकडे ढिगानं मिळतं, म्हणून सगळ्यांनाच ते हवं असतं. घ्यायचं तर त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते दुकानात आणू नका. आणि एचटी असलं तरी त्याच्या कुसळांत हातमागाचा धागा अडकतो. एका कपड्याचा धागा ओढला गेला की पॅलेटमध्ये वाचवलेले पैसे गेले. त्यापेक्षा पेठांतले वाडे पाडताना निघालेलं सागवान बघा, तुळया, खांब, दारांच्या फळ्या. जुनं सागवान रंधा मारला की गुळगुळीत होतं, वाळवीला दाद देत नाही आणि कुठल्या वाड्यातलं ते दुकानदार बऱ्याचदा सांगूही शकतो. बांबू वापरायचा तर बोरिक ॲसिड-बोरॅक्सची प्रक्रिया केलेलाच, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात खाली पिवळी पूड पडायला लागते आणि ती तुमच्या पांढऱ्या कुर्त्यांवर पडते. फायबरच्या पुतळ्यांचं पुढे काहीच होत नाही. कागदाच्या लगद्याचे पुतळे करून घ्या, गणपतीची आरास करणाऱ्या कारागिरांच्या हातात ते काम आहे.

पण यापेक्षा मोठा प्रश्न आहे दुकान बंद झाल्यावरचा. भाड्याचा करार तीन-पाच वर्षांचा असतो. करार संपला की मालक जागा मोकळी मागतो आणि डिंकानं, खिळ्यांनी चिकटवलेल्या सगळ्या फर्निचरचा एका दुपारीत राडारोडा होतो. दुकानांच्या कामात सगळ्यात जास्त कचरा त्या दिवशी होतो आणि तो एकाही रेंडरमध्ये नसतो. म्हणून तुमच्या शीटांमध्ये एक 'उतरवण्याचा नकाशा' हवा. कुठला भाग आधी निघतो, कुठले बोल्ट, कुठला पाना, किती माणसं. प्रत्येक भाग छोटा हत्ती टेम्पोत आडवा बसला पाहिजे, म्हणजे सात फुटांच्या वर काही नको. असा नकाशा देणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो आणि भेटला की परीक्षक खुर्चीत सरसावून बसतात.

'जुने कपडे आणा, १० टक्के सूट मिळवा' असा डबा तुमच्या दारात असेल तर काढा. त्या डब्यातले कपडे कुठे जातात याचं उत्तर तुमच्याकडे नाही. सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाचा धागा परत सुटा करणं अवघड, आणि नुसतं सुती कापड पिंजलं तरी तंतू आखूड होतात. पानिपतला असलं काम मोठ्या प्रमाणावर चालतं, पण ट्रकभर मालावर, तुमच्या डब्याभर मालावर नाही. आपल्या शहरात ही व्यवस्था आधीपासून आहे. भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण दारात बसून प्रत्येक कपडा उजेडात धरते, काठ चाचपते, डाग बघते आणि एका नजरेत त्याची किंमत करते. ते कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघा. 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका 'व्ही-कलेक्ट' उपक्रमात जुने कपडे गोळा करतात, त्यांच्याशी बोला. तुमच्या दुकानात परत घ्यायचे असतील तर फक्त स्वतःच्या ब्रँडचे कुर्ते घ्या, कारण त्यात काय आहे ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

पाटीवरून आठवलं, लोगो फक्त इंग्रजीत आहे ना? महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरी लोगो शेवटच्या रात्री फॉन्ट बदलून करू नका. शिरोरेषा आली की तुमच्या त्या बारीक, लांब अंतर ठेवलेल्या इंग्रजी अक्षरांचं सगळं गणित बदलतं. देवनागरी आधी काढा. पाटीचा परवाना महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडून घ्यावा लागतो, म्हणून मापंही तिथल्या नियमांत बसवा. पाटी फ्लेक्सची नको हे सांगायला नको. बिलिंगला ती पांढरी 'कापडी' पिशवीही नको, नॉन-वोव्हन म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, प्लास्टिकच ते. मांजरपाटाची पिशवी किंवा कतरणीची शिवा, आणि तिचे पैसे वेगळे लावा, म्हणजे लोक घरून पिशवी आणतील.

सादरीकरण स्वतः कशावर छापताय? कॉलेजात मॉडेल सनबोर्डचं आणि शीट व्हिनाइलवर, दोन्ही पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. यावर बोलून तुम्हाला ओशाळं करायचा हेतू नाही, मुदत आणि पैसा मलाही कळतो. पण मॉडेल पुठ्ठ्याचं केलं तर एक परीक्षक तरी ते उचलून बघेल. मी असतो तर रेंडर दोनच ठेवले असते आणि टेबलावर खऱ्या वस्तू मांडल्या असत्या. एक शिवलेला कुर्ता, एक उलटा केलेला, धुण्याआधीचं आणि नंतरचं कापड, लेबल, फोडलेली किंमत, उतरवण्याचा नकाशा.

शेवटी जागेचं. कोरेगाव पार्क सोडा असं मी म्हणेन. तिथे रस्त्यावरून जाणारा नवा माणूस मिळतो, पण तुमचा दावा दुरुस्तीचा असेल तर तुम्हाला परत येणारा माणूस हवा, जो उसवलेला कुर्ता घेऊन सायकलवरसुद्धा येईल. प्रभात रोड, भांडारकर रोडच्या आतल्या गल्ल्या, एरंडवणे, जुन्या बंगल्यांचे तळमजले किंवा पहिला मजला बघा. २५० चौरस फूट आणि ९० रुपये फूट धरलं (हेही हिशेबापुरतं) तर भाडं २२,५००. त्याच १५ टक्क्यांनी महिन्याला दीड लाखाची विक्री, म्हणजे ७५ कुर्ते, दिवसाला तीन. कापड १८७ मीटरच्या आसपास, म्हणजे दीड माग. दोन विणकर ठेवलेत तर थोडं कापड ठिगळांसाठी शिल्लकही राहील. मात्र ७५ कुर्त्यांवर दोन पगार बसणार नाहीत. दुरुस्ती करणारा आणि विकणारा माणूस एकच असावा लागेल. तो मशीनवर असताना काउंटरवर कोण, हे नकाशात आधी सोडवा. मशीन आणि काउंटर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आणता येतात का ते बघा, आणि तो नकाशा पुढच्या ज्युरीआधी पाठवा.